काम शिकवलेलं मूल

अण्णा, बाबिलोन नावाचं एक राज्य पूर्वी होतं, हे तुमच्या कानावर कधी आलं असेल असं मला वाटत नाही. मीही शाळेत ते नाव वाचलं आणि परीक्षेनंतर विसरून गेले. पण गेले काही महिने इथे बहरीनला आमच्या घरात जेवताना, गाडीत, कपडे वाळत घालताना त्याच राज्याच्या गोष्टी चालू आहेत, आणि दर वेळी मला तुमची आठवण होते. तुमच्याशी बोलायचं बरंच साठलंय. तुम्ही होतात तेव्हा मी तुमच्याशी फार बोलले नाही. आपण दोघं शेजारी बसून काम करायचो आणि काम करताना तोंडात दोरा असायचा.

मी अजून तुमचंच काम करते. मनामाच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या बहरीनी व्यापाऱ्याच्या दुकानात मोत्यांच्या माळा गाठवायला बसते. तुम्ही ज्यांना बसराई मोती म्हणायचात ते मुळात या बेटाभोवतीच्या समुद्रातूनही निघायचे, हे मला इथे आल्यावर कळलं. मालकाचे वडील मोती घेऊन मुंबईला जात, त्यामुळे म्हाताऱ्याला जुन्या मुंबईची हिंदी येते. पहिल्या दिवशी मी चप्पल काढली, दोऱ्याचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि ताण देऊन काम सुरू केलं, तेव्हा तो चष्मा वर करून बघत राहिला. "पैर से?" म्हणाला. मी म्हटलं, "हमारे यहाँ ऐसेही करते हैं." त्याने थोडा विचार केला. "करो. लेकिन ग्राहक आया तो पैर टेबल के नीचे." आता ग्राहकच म्हणतात, त्या पायवाल्या बाईकडे द्या. म्हातारा त्यांना ही खास हिंदुस्थानी कारागिरी आहे असं ऐटीत सांगतो, जणू त्यानेच ती शोधून काढली.

मला सांगायचंय ते मात्र मुलीबद्दल. माझ्याकडे एक मुलगी आहे, अण्णा. तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी ती आली, म्हणून तुम्ही तिला पाहिलेलं नाही. आम्हाला मूल झालं नाही. ही माझ्या धाकट्या नणंदेची. बाळंतपणानंतर नणंदेचं मन आजारी पडलं, आणि नवरा वर्षभरात सोडून गेला. ती पोरीला आंघोळ घालायला बसायची आणि अंगावर साबण तसाच ठेवून मधेच उठून निघून जायची, घराबाहेर, रस्त्यावर. सासूबाई थकल्या. तेव्हा आम्ही पोरीला इकडे आणलं, तुझी आई बरी होईपर्यंत, असं सांगून. ती तीन वर्षांची होती. इथल्या सनद नावाच्या वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिले कित्येक दिवस ती पुन्हा पुन्हा बाथरूमचं दार उघडून आत बघायची. आधी मला कळेना. मग कळलं, आई तिथूनच हरवली होती ना, म्हणून ती तिथेच शोधत होती.

आई बरी व्हायला फार वर्षं लागली, पण झाली. आता पुण्यात एका शाळेच्या ऑफिसात काम करते, भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, गोळ्या वेळेवर घेते. आणि पोर दहावीला आहे. इथल्या आपल्या लोकांच्या घरात दहावी आली की तोच विषय असतो, अकरावी इथे की तिकडे. आमच्या घरी तो नुसता अकरावीचा नव्हता. गेल्या पावसाळ्याच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या पावसाळ्याच्या, एका शुक्रवारी मायलेकींचं व्हिडिओवर बोलणं झाल्यावर नणंद म्हणाली, वहिनीला दे. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, मी मागत नाहीये हं. विचारतेय."

"काय गं?"

"दहावीनंतर तिला इकडे पाठवशील? कॉलेज घराजवळ आहे. तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. मला तो हक्कच नाही."

"असं नको बोलूस."

"नाही वहिनी, खरंच नाहीये."

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी विचार करते म्हणाले आणि ओट्यावरची कोथिंबीर निवडायला घेतली, जी मी आधीच निवडून ठेवली होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ती माझी सख्खी बहीण. आणि ही... ही माझ्या मांडीवर मोठी झालीय. मला मत विचारू नकोस. मी दोन्हीकडून हरतो." मग आम्ही दोघं तो विषय टाळायला शिकलो. मुलीला आईने सांगितलंय की नाही, हेही मी विचारलं नाही.

थंडी सुरू झाली तशी तिच्या शाळेत वादविवाद स्पर्धा जाहीर झाली. विषय होता बाबिलोनच्या एका राजाने केलेले कायदे, आणि आजच्या न्यायाला त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही आहे का. हिच्या वाट्याला 'आहे' ही बाजू आली. वर्ग म्युझियममध्ये जाऊन आला, इथल्या किल्ल्याच्या खोदकामात सापडलेल्या मातीच्या पाट्या बघून. त्या राजानंतर काही शतकांनी हे बेटही बाबिलोनच्या अंमलाखाली होतं म्हणे. राजाचे कायदे मात्र एका उंच काळ्या दगडावर कोरलेले आहेत. वरच्या बाजूला राजा सूर्यदेवासमोर उभा आहे आणि खाली सगळा मजकूर. शेवटी त्याने लिहिलंय की ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने या दगडासमोर यावं आणि आपला कायदा वाचून घ्यावा, म्हणजे त्याच्या जिवाला बरं वाटेल. मला ते आवडलं. अण्णा, कोर्टाच्या पायरीवर आपल्याकडे अजून कुणी असं लिहिलेलं नाही.

जेवताना ती एकेक कायदा वाचून दाखवायची. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, किंवा दोन्हींची खिचडी करून. घर बांधणाऱ्याचं घर पडून मालक मेला, तर बांधणाऱ्याला मारायचं. शस्त्रक्रियेत बडा माणूस दगावला तर वैद्याचा हात तोडायचा. न्यायाधीशाने दिलेला निकाल मागाहून फिरवला तर त्याला खुर्चीवरून कायमचं उठवायचं. हे ऐकून माझा नवरा जेवता जेवता टाळी वाजवून म्हणाला, "हा कायदा आमच्या ऑफिसात पायजे." मग डोळ्याचा कायदा आला. बड्या माणसाने बड्या माणसाचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडायचा, आणि गुलामाचा फोडला तर मालकाला भरपाई द्यायची की झालं. नवरा म्हणाला, "तेव्हाचं होतं ते. आता सगळ्यांचे डोळे सारखे." ती खिडकीकडे बघून म्हणाली, "रिअली, मामा?" खाली कामगारांची बस थांबली होती आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उतरत होती.

आणि मग तिने पान उलटलं. "हे ऐक, मामी." आवाज तोच होता, पण वाचणं हळू झालं. कुणी कारागिराने मूल वाढवायला घेतलं आणि त्याला आपलं काम शिकवलं, तर ते मूल कुणाला परत मागता येणार नाही. काम शिकवलं नसेल, तर मूल आपल्या बापाच्या घरी परत जाऊ शकतं. तिथे थांबून तिने आधीचंही एक वाचलं. लहान मूल आणलं आणि ते आपल्या आईबापांना शोधत राहिलं, तर ते परत जाईल.

नवरा म्हणाला, "म्हणजे ट्यूशनला पाठवलेलं धरत असतील का?"

"दॅट्स नॉट फनी, मामा." मग माझ्याकडे वळून, "मामी, तू कारागीर आहेस ना?"

मी म्हटलं, "भाजी घे अजून."

अण्णा, तुम्हाला आता कळलं असेल मला तुम्ही का आठवलात. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तुम्ही तिचे थोरले भाऊ. मला कराडला आणलंत, आणि सराफकट्ट्यावरच्या त्या अरुंद दुकानात, जिथे दोन माणसं बसली की तिसऱ्याला उभं राहावं लागे, तिथे मी तुमच्या मागे रेशमाच्या लडींवर डोकं ठेवून झोपायचे. सांगलीला वडिलांनी दुसरं लग्न केलं. पुढे त्यांचं कार्ड आलं, आता घर मोठं आहे, मुलीला दिवाळीला न्यायला येतो. मी दहा-अकरा वर्षांची असेन. त्याच सुमारास एक दिवस मी शाळेतून आले आणि तुम्ही माझ्या हातात दोरा दिलात. तोवर तुम्ही मला कशाला हात लावू देत नव्हता. मला अजून दिसतंय ते. तुम्ही माझा पाय स्वतःच्या हाताने पुढे ओढता, अंगठ्यात फास अडकवता आणि म्हणता, "ताण सोडायचा न्हाई. सगळं त्या ताणात हाय."

तुमच्यासारखं कुणी रागावलेलं मला आठवत नाही. मी ओवलेली पहिली सर तुम्ही उजेडाला धरलीत, दोन बोटांनी हलकेच ओढलीत आणि कात्री घेऊन मधोमध कापलीत. काचेचे मणी दुकानभर उडाले. "दिसायला चांगलीय," तुम्ही म्हणालात. "नुसती दिसायला चांगली गाठ माझ्या दुकानात चालत न्हाई." माई, म्हणजे माझ्या मामी, दुकानाच्या दारातून ओरडल्या, "लेकरू हाय ते, सैपाकाला बसवलंय का त्याला?" तुम्ही म्हणालात, "सैपाकात चूक झाली तर एक दिवस उपास. हितं बाईचा दागिना गटारात जातो." मग तुम्ही स्वतः गुडघ्यांवर रांगत सगळे मणी वेचलेत आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवलेत.

दिवाळीत वडील आले. इस्त्रीचा शर्ट, हातात माझ्यासाठी फ्रॉक. फ्रॉक मला दोन वर्षांपूर्वी झाला असता. तुम्ही त्यांना दुकानातच बसवलंत, समोरून चहा मागवलात. "दाजी, पोर तुमचीच हाय," तुम्ही म्हणालात. "पण एक अडचण हाय बघा. हिच्या हातात माळ हाय." मी तुमच्या शेजारी बसले होते, अंगठ्यात दोरा, आणि दोऱ्यावर खरे मोती, कुणा मोठ्या घरच्या तन्मणीचे. वडीलही पटवेकऱ्याच्याच, म्हणजे दागिने गाठवणाऱ्याच्याच घरातले, जरी नोकरीत गेले असले तरी. एका हाताने सुरू केलेली माळ दुसऱ्या हाताने पुरी करायची नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. प्रत्येक हाताचा ताण वेगळा, अर्धी माळ एकीची आणि अर्धी दुसरीची झाली तर ती बरोबर जोडावर तुटते. त्यांनी मान हलवली. "मग संक्रांतीला येतो." संक्रांतीला माझ्या हातात दुसरी माळ होती. उन्हाळ्यात तिसरी. तुम्ही पहिली संपायच्या आधीच दुसरी सुरू करून द्यायचात. पुढे वडील यायचे थांबले, कार्डं येत राहिली, मग तीही थांबली. बाबिलोनचा राजा तुम्हाला माहीत नव्हता आणि तरी त्याचा कायदा तुम्ही आमच्या गल्लीत चालवलात.

त्या जेवणानंतरच्या शनिवारी मी माझ्या लग्नातली मोत्यांची जुनी सर उसवली आणि मुलीला हाक मारली. "बस इथे. तुझ्या स्पर्धेसाठी चांगलं आहे, कारागीर म्हणजे काय ते कळेल." ती बसली. मी तिच्या पायाच्या अंगठ्यात फास अडकवला. तिला गुदगुल्या झाल्या. आम्ही दोघी खूप हसलो. मी तिला तुमच्या गोष्टी सांगितल्या, कात्रीची, हातातल्या माळेची, वडिलांच्या फ्रॉकची. आजवर मी तिला हे काम मुद्दाम शिकवलं नव्हतं. शिकून मोठी होईल, माझ्यासारखी मान मोडून बसणार नाही, असं वाटायचं. आता दर शनिवारी बसवू लागले. आणि गंमत अशी की तिला ते येईना. तिची बोटं चांगली आहेत, अण्णा. मैत्रिणींना दोऱ्यांचे इतके सुरेख बँड करून देते की वर्गातल्या मुली रांग लावतात. पण माझी गाठ तिच्या हातात सैल पडायची. पुन्हा सैल. मी कात्री घेतली नाही. "चालेल, पुढे जा," म्हणायचे. तुम्ही मला रागावला असतात. तिचा हात का बसत नव्हता, ते दुसऱ्या कुणाला नाही तरी मला लगेच कळायला हवं होतं.

दुकानात एक वकीलबाई येतात, इथल्याच, आईची जुनी माळ दर दोन-तीन वर्षांनी गाठवून नेतात. त्यांच्याजवळ मी विषय काढला, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे अशा थाटात. त्या इंग्रजीत म्हणाल्या, कागदावर मूल आईचं आहे, त्यात वाद नाही. पण तरी समजा प्रकरण कोर्टात गेलं, तर चांगला न्यायाधीश मुलीचं भलं कशात आहे ते बघेल, आणि एवढी मोठी मुलगी असेल तर तिलाच विचारेल. "त्या बाईने मुलीला विचारलंय का?" मी म्हटलं, नाही. "खलास," त्या म्हणाल्या, "मग तुम्ही मला काय विचारताय?" म्हातारा मालक मागे बसून सगळं ऐकत होता. त्या गेल्यावर मला म्हणाला, "बेटी, वो दूसरी औरत को बोलना, डरने का नहीं." मी पाय टेबलाखाली घेतला, ग्राहक नसतानाही.

स्पर्धेच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले होते. ती चांगली बोलली. आजचं कोर्ट विचारतं, हे मूल कुणाचं? त्या दगडाने एक जास्तीचा प्रश्न विचारला, या मुलाला तुम्ही काय दिलंत? आणि मुलाकडेही बघितलं, ते कुणाला शोधतंय का. ते कायदे खऱ्या खटल्यांत कितपत वापरले जायचे याची अभ्यासकांनाही खात्री नाही, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. पण लिहून ठेवणं म्हणजेसुद्धा काहीतरी असतं, म्हणाली. मग समोरच्या बाजूचा एक उंच मुलगा उठला आणि त्याने त्याच पानावरचा, थोडा खालचा कायदा वाचला, जो तिने आम्हाला घरी वाचून दाखवला नव्हता. राजवाड्यातल्या सेवकांनी वाढवलेल्या मुलाने आपल्या खऱ्या बापाचं घर ओळखलं, वाढवणाऱ्यांचा त्याला तिटकारा आला आणि तो तिकडे निघून गेला, तर त्याचा डोळा काढायचा. "हे शिकायचं का आपण?" त्याने विचारलं. टाळ्या पडल्या. ती उभी राहिली. तिला उत्तर येत असणार, ती हुशार आहे. पण ती एवढंच म्हणाली की तो भाग भयंकर आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही, आणि बसली. दुसरा नंबर आला.

येताना ती गाडीत माझ्या शेजारी बसली होती. हायवेवर गर्दी होती, सिग्नलला आम्ही थांबलो. समोर बघतच तिने विचारलं, "मामी, डोळा का काढायचा? शी ओन्ली वेंट होम."

मी म्हटलं, "कायद्यात मुलगा आहे गं."

"व्हॉटेव्हर." मग थोड्या वेळाने, "ती माळ पुरी झाली नाही तर मी जाऊ शकत नाही, असं आहे का?"

"कोण म्हणालं?"

"तूच. अण्णांची स्टोरी तूच सांगितलीस. तू मला ठेवून घ्यायला शिकवतेयस का?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला, दोनदा. मी गाडी पुढे घेतली आणि पहिल्यांदा विचारलं, "तुला काय हवंय?"

ती आधी म्हणाली, माहीत नाही. मग म्हणाली, "मला तिच्याबरोबर राहून बघायचंय. चांगलं असेल की नाही, आय डोन्ट नो. पण ती माझी आई आहे आणि मला तिचं काहीच माहीत नाही, मामी. चहात साखर किती घेते तेसुद्धा नाही. फोनवर ते कळत नाही." आणि मग, "तू रडणार आहेस?"

"गाडी चालवताना नाही."

"ओके. मग घरी."

घरी मी रडले नाही. तिच्या त्या चहाच्या वाक्याने मला वेगळीकडेच नेलं. माझ्या वडिलांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्यांच्या तेराव्याला. त्यांच्या दुसऱ्या बायकोने मला आत नेलं, पाणी दिलं, आणि तिच्या मुलांना म्हणाली, ही ताई. मुलांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांना मी माहीत होते. माझा शाळेतला एक फोटो त्यांच्या देवघराशेजारी लावलेला होता, तो त्यांना कुठून मिळाला मला माहीत नाही. कदाचित तुम्हीच पाठवला असेल. मला मात्र वडिलांचं काहीच माहीत नव्हतं, ते कुठे बसून पेपर वाचायचे, जेवताना बोलायचे की नाही. तुमच्या कायद्याने मला घर मिळालं, अण्णा, आणि मी ते घर कशाच्याही बदल्यात दिलं नसतं. पण ज्याने दिवाळीला, संक्रांतीला आणि उन्हाळ्यात एस.टी.ने येऊन चहा पिऊन परत जायचं, त्या माणसाला त्या दगडासमोर उभं केलं असतं, तर त्याने काय वाचून घेतलं असतं? इतकी वर्षं हा प्रश्न मी विचारला नव्हता. तुमच्यावर राग नाही. तुमच्या जागी मी बसले आहे आणि मला माहीत आहे हातात दोरा असताना कसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती क्लासला गेल्यावर मी तिची अर्धी राहिलेली सर घेऊन बसले. फास अंगठ्यात अडकवला. मग पुढच्या गाठी मी मारल्या. माझ्या हाताने, माझ्या ताणाने, शेवटपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या हातातली माळ पुरी केली. तिची अर्धी बाजू सैल आहे, माझी घट्ट, आणि जोड कुठे आहे ते लांबून कळतं. संध्याकाळी ती आली तेव्हा मी सर तिच्यापुढे ठेवली. तिने ती हातात घेतली, जोडावर बोट फिरवलं. "पण तुमच्यात हे चालत नाही ना?"

"नाही चालत."

"मग तुटली तर?"

"तुटली तर तुटली. पुन्हा ओवू."

तिने ती गळ्यात घातली आणि अभ्यासाला बसली. मी आत जाऊन नणंदेला फोन लावला. पाठवते म्हणाले. मग ती म्हणाली, "वहिनी, तिला काय काय आवडतं, मला सांगशील? हळूहळू सांग. मी लिहून घेते." मी सांगत राहिले, ती लिहीत राहिली. अधूनमधून म्हणायची, "थांब, थांब."

परीक्षा झाली आहे. एप्रिलमध्ये ती जाते आहे. कपाटातले कपडे आम्ही दोघी मिळून निवडतो आणि दर वेळी कशावरून तरी भांडतो. नवरा रोज काहीतरी नवीन आणतो, काल भरलेल्या बॅगेत मावणार नाही असं. शुक्रवारी आता मायलेकी दोघी मला फोनवर बोलावतात आणि माझ्यादेखत पडद्यांचे रंग ठरवतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तुम्हाला शेवटपर्यंत वाटत होतं की ते सगळं तुम्ही एकट्याने जमवलंत. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगायचात की पोरीचा हात उपजतच बसलेला, शिकवावंच लागलं न्हाई. उपजत काही नव्हतं, अण्णा. वडिलांचं ते कार्ड पोस्टमनने माझ्याच हातात दिलं होतं आणि तुमच्या आधी मी ते वाचलं होतं. दिवाळीला ते येणार, हे मला माहीत होतं. तुम्ही दोरा पुढे केलात तेव्हा कशासाठी ते मला कळलं होतं. तुम्ही जेवायला घरी गेलात की मी दुकानात एकटी बसून गाठी मारायचे, सोडायचे, पुन्हा मारायचे. अंगठ्याला दोरा कापला की माईंना सांगायचे, खेळताना लागलं. मी मुद्दाम लवकर शिकले.